ओसरी दिली, मुदत नाही

जळकोट-उदगीर भागात वकिलीच्या टेबलाशी जी घरगुती भांडणं येतात, त्यांत एका प्रकाराला फिर्यादीचं नावच देता येत नाही. बांध कोरला, उसने पैसे बुडवले, सुनेला मारहाण झाली, या सगळ्याला कलमं आहेत आणि नमुनेही आहेत. पण भाचा आलाय आणि जात नाही, मेहुण्यानं पुढची खोली धरलीय, पुण्याहून परतलेला भाऊ हलायचं नाव घेत नाही, असं सांगणारा माणूस आधी दार लोटून घेतो आणि आवाज बारीक करतो. त्याची मागणीही तशीच असते. नोटीस नको, पोलीस नको, चार लोकांत बोभाटा नको, तो आपला आपण निघून जाईल असं काहीतरी सांगा. इतक्या वर्षांच्या कामातून माझं मत असं झालं आहे की हे ‘काहीतरी’ कायद्यात नाही आणि कायद्याबाहेरही नाही. नातेवाईक निघतो तो त्याला तोंडावर, तारखेसह आणि जायला जागा दाखवून सांगितलं तर. न सांगता त्याला घालवायचे जे उपाय आपल्याकडे चालतात, ते नातंही घालवतात आणि वेळ आलीच तर खटलाही घालवतात. हे म्हणणं दिसायला साधं आहे, पण त्यावर जे आक्षेप येतात ते मुळीच साधे नाहीत.

आधी माणसं येतात कशी ते पाहावं. जळकोट हा १९९९ साली वेगळा झालेला, बालाघाटाच्या खडकाळ माळावरचा छोटा तालुका आहे. एका बाजूला नांदेड जिल्ह्यातले मुखेड-कंधार, दुसऱ्या बाजूला उदगीर, आणि सोयरीक पार बिदर-निजामाबादपर्यंत पसरलेली. पावसावरची शेती असल्यामुळं कुणी कोयता घेऊन कारखान्यावर जातं, कुणी पुण्या-मुंबईला, कुणी हैदराबादला. जिथं माणसं इतकी जातात तिथं परतणारीही तितकीच असतात, आणि परतणाऱ्याला पहिलं दार नातेवाइकाचंच सापडतं. शिकणारी पोरं उदगीरला किंवा लातूरला मावशीकडं, काकाकडं ठेवली जातात. ‘लातूर पॅटर्न’च्या यशात शिकवणी वर्गांचा वाटा सगळे सांगतात, सहा महिन्यांसाठी म्हणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झोपलेल्या पुतण्या-भाच्यांना सांभाळणाऱ्या मावश्या-काकूंचा वाटा कुणी मोजलेला नाही. सोळाव्या वर्षी अकरावीला आलेला पोरगा पदवी, मग पोलीस भरती, मग स्पर्धा परीक्षा असं करत चोविशीतही तिथंच असतो. त्याला कुणी ‘राहा’ म्हटलेलं नसतं आणि ‘जा’ही म्हटलेलं नसतं.

पूर्वी हे खपून जायचं, आणि त्याचं श्रेय मनाच्या मोठेपणाला जितकं दिलं जातं तितकं घराच्या बांधणीला दिलं जात नाही. माळवदाच्या घरात दरवाजातून आत शिरलं की ढाळज असायची, पुढं अंगण, मग ओसरी, आणि त्याच्याही आत माजघर. पाहुणा ढाळजेत महिनाभर राहिला तरी माजघरातल्या बाईच्या निजण्या-उठण्याला त्याचा अडथळा होत नसे. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसित गावांत ज्यांना सर्वात लहान घरं मिळाली, ती अडीचशे चौरस फुटांची होती. आजचं प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान पंचवीस चौरस मीटरचं असतं, आणि त्यातच चूल आली. अशा घरात एक जादा प्रौढ माणूस आला की घरातल्या कुणाला तरी कपडे बदलायला शेजारी जावं लागतं. लातुरात २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस घागरींतच मोजलं जात होतं. म्हणून पाहुणा नकोसा होणं म्हणजे आजची माणसं कोत्या मनाची झाली, हे निदान मला मान्य नाही. घर लहान झालं, आणि आदरातिथ्याचे नियम मात्र ढाळज असलेल्या घराचेच राहिले.

नकोसा झाल्यावर जे सुरू होतं ते सगळं मुक्यानं चालतं. आधी चहा उशिरा येतो. मग पाहुण्याच्या देखत पोरांना उगाच मार बसतो. गॅस संपल्याचं मोठ्यानं सांगितलं जातं, लाइट बिल टीव्हीवर उघडं ठेवलं जातं, गावाकडून कुणी आलं की त्याच्याजवळ ‘आमचं काय, आम्ही सगळ्यांचं करतोच’ असं म्हटलं जातं. राहणाऱ्याला हे कळत नाही असं मुळीच नाही. त्याला पहिल्याच दिवशी कळतं. पण जोवर शब्द निघालेला नाही तोवर त्यानं ऐकलं नाही असंच धरावं लागतं, आणि ज्याला जायला दुसरी जागा नाही तो बहिरा होण्यात लवकर तरबेज होतो. घरमालकाला वाटतं, एवढं करूनही लाज नाही. पाहुण्याला वाटतं, एवढं ऐकूनही मी सहन करतोय म्हणजे मी काहीतरी फेडतोय. दोघांच्या मनात वेगवेगळी खातेवही भरत जाते आणि मग एखाद्या क्षुल्लक कारणावरून ट्रंक बाहेर फेकली जाते, कुलूप बदललं जातं. माझ्याकडं येणाऱ्यांतले बरेचजण या टप्प्यावर येतात, म्हणजे सल्ल्याला फार उशीर झाल्यावर.

कुलूप बदलण्यात काय चुकतं ते आधी सांगतो, कारण ‘घर माझं, कुलूप माझं’ हा युक्तिवाद सगळ्यांना बिनतोड वाटतो. १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम ६ असं आहे की, ताब्यात असलेल्या माणसाला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कुणाच्या मालकीचं हा प्रश्न आड येत नाही. मालकीचा वेगळा दावा मालकाला करता येतो, पण तोवर तो प्रतिवादी होऊन बसलेला असतो. वर अडवणुकीची, मारहाणीची फिर्याद आली की ज्या पोलिसांनी ‘हे दिवाणी आहे’ म्हणून मालकाला परत पाठवलं होतं, तेच आता मालकाला बोलावतात. कायदा घुसखोराच्या बाजूनं आहे असं नाही. निवाडा रस्त्यावर व्हायला नको, एवढाच त्याचा आग्रह आहे.

आता पाहुण्याची बाजू खरोखर किती पोकळ असते ते पाहावं, आणि त्यासाठी गोव्यातल्या एका भाऊ-बहिणीचा खटला सोडून पुढं जाता येत नाही. बहिणीच्या घरात भाऊ देखभाल करणारा म्हणून राहिला होता. पुढं तो ताबा आपलाच असल्याचं सांगू लागला, कलम ६खाली न्यायालयात गेला, आणि खालच्या न्यायालयानं व उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. २१ मार्च २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते उलटवलं. त्या निकालाचा आशय प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावा असा आहे. मोबदल्याशिवाय, मायेनं राहू दिलेल्या माणसाला, तो कितीही वर्षं, अगदी दशकं राहिला तरी, त्या घरात हक्क मिळत नाही; राखणदार, नोकर, मित्र, नातेवाईक यांचा ताबा हा मालकाच्याच वतीनं असतो. बारा वर्षं राहिला की घर त्याचं, ही आपल्याकडची घट्ट समजूत म्हणजे अर्धवट ऐकलेला कायदा आहे. बारा वर्षांचा नियम मालकाला आव्हान देऊन उघडपणे घेतलेल्या ताब्याचा आहे. परवानगीनं राहणाऱ्याचा ताबा तसा होत नाही. आधारकार्डावर तो पत्ता असणं, रेशनकार्डात नाव असणं, मतदार यादीत नाव असणं यातून राहत होता एवढंच दिसतं. नमुना नंबर आठचा उतारा हाही कराच्या आकारणीचा कागद आहे, तोही एकटा मालकी देत नाही. माझ्या अनुभवात या बारा वर्षांच्या भीतीनं जितकी नाती तोडली तितकी खऱ्या हक्कानं तोडलेली नाहीत: अकरावं वर्ष लागलं की माणसं घाबरून काहीतरी अविचार करतात.

यावर लगेच विचारलं जातं की, सर्वोच्च न्यायालयच असं म्हणतंय तर मग तारीख आणि बोलणं हवंच कशाला, द्या हाकलून. पण त्या बहिणीला हे वाक्य मिळायला दिल्लीपर्यंत जावं लागलं आणि वाटेत खालच्या दोन न्यायालयांत हरावं लागलं, हे विसरून चालत नाही. भांडण कशाचं होतं? तो कोणत्या नात्यानं आत आला आणि ते नातं कधी संपलं, याचं. परवानगी होती हे सिद्ध करायचं तर ती परवानगी काढून घेतल्याचाही क्षण दाखवावा लागतो. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात हे तत्त्व स्पष्ट आहे: दिलेली परवानगी मागं घेता येते, आणि मागं घेतल्यावर माणसाला निघायला व सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो. न बोलता कुढत बसलेला मालक वर्षानुवर्षं त्या परवानगीला मुकी मान्यता देत असतो. उलटतपासणीत ‘तुम्ही त्यांना जा म्हणून कधी सांगितलं?’ या एका प्रश्नावर त्याची जीभ अडखळते. शिवाय त्याच कायद्यात एक सापळा आहे आणि खेड्यात त्यात हमखास पाय पडतो. परवानगी घेऊन राहणाऱ्यानं तिच्या भरवशावर स्वतःच्या खर्चानं कायमचं बांधकाम केलं, तर ती परवानगी मागं घेता येत नाही. ‘मामा, मी मागं एक खोली बांधून घेतो, तुम्हाला त्रास नको’ असं भाचा म्हणतो तेव्हा मामाला सुटल्यासारखं वाटतं. त्या दिवशी प्रकरण सुटत नाही, बसतं.

इथपर्यंत मी नकोसा नातेवाईक म्हणजे पाहुणा असं धरून चाललो, पण ते खरं नाही, आणि माझ्या म्हणण्याला सगळ्यात जड आक्षेप इथंच आहे. २०२०च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून हजारो माणसं गावी परतली. गावात राहून आईबापांचं केलेल्या भावाला परतलेला भाऊ पाहुणा वाटला, आणि पाहुणा जात नाही म्हणून तो चिडला. पण घर वडिलोपार्जित असेल तर परतलेला भाऊ तितकाच मालक आहे. त्याला मुदत सांगायचा अधिकार कुणालाच नाही. मागायचीच तर वाटणी मागावी. बहिणीचंही तसंच. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो हक्क जन्मानं आहे, २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. नवऱ्यानं टाकलेली बहीण माहेरी आली की ‘किती दिवस?’ असं विचारणारी भावजय आणि गप्प बसणारा भाऊ यांना हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगताना मला वकील म्हणून आनंद होतो हे लपवत नाही.

सुनेचं प्रकरण आणखी नाजूक आहे. मुलगा वेगळा झाला, सून घर सोडत नाही, तेव्हा सासू-सासरे ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्ज घेऊन येतात, आणि बऱ्याचदा त्या अर्जामागं मुलाचाच हात असतो. बंगळूरच्या एका खटल्यात नवऱ्यानं घेतलेली मिळकत वडिलांच्या नावे गेली, वडिलांनी ती आईच्या नावे बक्षीस दिली, आणि मग आईच्या तक्रारीवरून सुनेला बाहेर काढण्याचा आदेश झाला. १५ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५च्या कायद्यानं सुनेला सामायिक घरात राहण्याचा जो हक्क दिला आहे, तो ज्येष्ठांच्या कायद्याच्या आडून हिरावता येणार नाही, असं ठरवलं. म्हणून ‘याला घालवायचंय’ असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो की तो इथं हक्कानं आहे, संरक्षणानं आहे, की तुमच्या शब्दावर आहे. तारीख सांगण्याचा मार्ग फक्त तिसऱ्यासाठी आहे. पहिल्या दोघांना तारीख सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातून त्याला काढणं.

तिसऱ्या प्रकारात एक नाव लोकांना ऐकवत नाही, ते म्हणजे स्वतःचा सज्ञान मुलगा. घर आईबापांच्या कमाईचं असेल तर मुलगा तिथं हक्कानं राहत नाही, त्यांच्या मर्जीनं राहतो, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ साली बजावलं, आणि मुंबई उच्च न्यायालयानंही आईबापांना छळणाऱ्या मुलाला घराबाहेर काढण्याचे आदेश उचलून धरले आहेत. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली जळकोटच्या म्हाताऱ्याला दिवाणी न्यायालयाची पायरी न चढता उदगीरच्या उपविभागीय अधिकाऱ्यांपुढं अर्ज करता येतो. तिथं मासिक दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, निर्वाहाच्या अर्जावर नव्वद दिवसांत, फार तर आणखी तीस दिवसांत निकाल व्हावा असं कायदा म्हणतो, आणि गरज असेल तर मुलाला घर रिकामं करायला सांगता येतं. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या ऐंशी वर्षांच्या बापाच्या बाजूनं असाच आदेश कायम केला. उच्च न्यायालयानं मुलगाही ज्येष्ठ नागरिक झाला म्हणून आदेश रद्द केला होता; पण अर्ज केला त्या दिवशी मुलगा एकोणसाठ वर्षांचा होता, आणि तीच तारीख धरायची, असं ठरलं. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या दुसऱ्या प्रकरणात मात्र न्यायालयानं मुलाला बाहेर काढायला नकार दिला आणि असा आदेश प्रत्येक वेळी आवश्यक नसतो असं म्हटलं. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ असा निघतो की, म्हाताऱ्यांचा छळ होतोय का आणि त्यांचं संरक्षण दुसऱ्या कशानं होईल का, हे अधिकारी पाहणार. इथंही आधी सांगितलं होतं, मुदत दिली होती, तरी ऐकलं नाही, हे ज्याला दाखवता येतं त्याचा अर्ज वजनदार ठरतो.

आता संस्कृतीचा आक्षेप. पाहुण्याला तारीख विचारणं हे शहरी, व्यवहारी लोकांचं लक्षण, आपल्याकडं नात्यात हिशेब नसतो, असं सांगणारी माणसं स्वतः शेतकरी असतात, आणि म्हणूनच मला त्यांचं म्हणणं पटत नाही. मराठवाड्यात सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. कागद नसतो, दोन माणसं समोर असतात, उचल किती, ज्वारी किती, धोतरजोडी कुणाची, सगळं तोंडी ठरतं, आणि पाडवा आला की कुणाचाही अपमान न होता माणूस मोकळा होतो किंवा पुन्हा ठरवतो. बटईनं रान दिलं तर रास होईपर्यंत. उसतोडीची उचल घेतली तर हंगाम संपेपर्यंत. तेव्हा मुदत ही आपल्याला परकी नाही. आपला सगळा तोंडी व्यवहार मुदतीवरच उभा आहे. अपवाद एकट्या नात्याचा केला आणि तिथंच सगळ्यात जास्त भांडणं झाली. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण त्या अपवादाचीच कबुली आहे. तिच्यातली जातीची खोच बाजूला ठेवली तरी ती एकतर्फी आहे: पाय पसरणाऱ्याला ती बोलते, ओसरी देताना किती दिवसांसाठी हे न बोललेल्या यजमानाला मोकळं सोडते. भीड भिकेची बहीण, ही दुसरी म्हण मला जास्त न्यायाची वाटते.

लेखी द्यावं की नाही, यावर मी वकील असूनही जरा मवाळ आहे. पहिल्या बोलण्याला वकिलाची नोटीस नको. नोटीस म्हणजे भांडण सुरू झाल्याची दवंडी असते, आणि नोटीस आली की राहणाराही उठून दुसऱ्या वकिलाकडं जातो. तिथं त्याला पहिल्यांदाच कळतं की आपणही काहीतरी मागू शकतो. पण तोंडी बोलल्यावर त्याच संध्याकाळी मोबाइलवर दोन ओळी पाठवाव्यात: आज बोललो, दिवाळी झाल्यावर अमुक तारखेपर्यंत तू तुझी सोय करणार, आम्ही अमुक मदत करणार. यात कुठंही कठोर शब्द लागत नाही, आणि पुढं गरज पडली तर परवानगी कधी संपली हे सांगणारा तोच कागद. दुसरी गोष्ट पैशांची. राहणाऱ्याकडून दर महिन्याला ठरावीक रक्कम घेतली की तो भाडेकरू असल्याचं म्हणू लागतो. भाडे नियंत्रणाचा १९९९चा कायदा ज्या शहरांना लागू आहे तिथं नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. हातभार घ्यायचा तर किराणा भरून घ्यावा, गॅस त्याच्याकडून घ्यावा. महिन्याच्या एक तारखेला खात्यात जमा होणारे दोन हजार नकोत. आणि तारीख टळूनही तो हलला नाहीच, तर मग नोटीस, त्यानंतर दावा, शक्य असेल तिथं लोकअदालत. लोकअदालतीत झालेला समझोता हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून कुटुंबातल्या वादाला तो मला नेहमीच्या निकालाहून बरा वाटतो.

तारखेइतकंच महत्त्व जागेला आहे, आणि इथं यजमानाला थोडे कष्ट घ्यावे लागतात. ‘कुठंही जा, पण जा’ हे सांगणं नव्हे. शिकणाऱ्या पुतण्यासाठी समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज, तिथं जागा नाही मिळाली तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, यांची चौकशी त्या पोरानं केलेली नसते, कारण त्याला गरजच पडलेली नसते. विधवा आत्याचं नाव अजून दुसऱ्याच कुटुंबाच्या रेशनकार्डात असतं. ते वेगळं केलं, संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार सुरू झाले, तर गावातली एखादी खोली तिला परवडू शकते, आणि मग ती कुणाच्या चुलीपाशी उपरी राहत नाही. यावर म्हणतील, एवढं करायचं तर ठेवूनच का घेऊ नये? घ्यावं की, मन असेल तर. कायदा कुणाला माया करायला मनाई करत नाही. पण माया संपलेल्या घरात अडकून पडलेल्या माणसाला एका अर्जाची मदत ही त्या घरातल्या दहा वर्षांच्या जेवणाहून मोठी असू शकते.

एका ठिकाणी मात्र माझं सगळं म्हणणं मी बाजूला ठेवतो. राहणारा माणूस हात उचलत असेल, दारू पिऊन दाराला लाथा घालत असेल, पोरीबाळींकडं वाईट नजरेनं पाहत असेल, तर तिथं दिवाळीपर्यंतची मुदत देणं हा गुन्ह्याला मुलाहिजा आहे. ११२ला फोन करावा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातल्या कलम १९खाली दंडाधिकारी अशा पुरुषाला घराबाहेर जाण्याचा आदेश देऊ शकतात, आणि हा अर्ज बायकोच करू शकते असं नाही. आईला मुलाविरुद्ध, बहिणीला भावाविरुद्धही करता येतो. बाईविरुद्ध मात्र या कलमाखाली घराबाहेर काढण्याचा आदेश होत नाही. स्त्रियांना सरकारी वकिली मदत उत्पन्न न पाहता मिळते, हे गावोगाव अजून माहीत नाही.

राहिला प्रश्न बोलायचं कुणी. आपल्या घरांत हे काम नेहमी सुनेवर ढकललं जातं. नवऱ्याचा भाचा, नवऱ्याचा मावसभाऊ, आणि वाईटपणा बायकोनं घ्यायचा. मग गावभर होतं की पोरगा चांगला होता, बाईनं टिकू दिलं नाही. माझा इथं आग्रह आहे: ज्याच्या रक्ताचा पाहुणा, त्यानंच बोलावं, आणि बायकोचं नाव मध्ये घेऊ नये. एकट्याला जमत नसेल तर दोघांनाही मान्य असा एक वडीलधारा बसवावा, बहुतेक वेळा मामा किंवा थोरला चुलता. गावाची तंटामुक्त समिती हे सगळ्यांत शेवटचं, कारण तिथं प्रकरण गेलं की ते घरातलं राहत नाही. २००७ साली १५ ऑगस्टला सुरू झालेल्या त्या मोहिमेनं बांधाचे, वाटेचे बरेच वाद मिटवले असले तरी चुलीचे वाद चारचौघांत नेऊन मिटत नाहीत, निदान मी मिटलेले पाहिले नाहीत. आणि त्या बैठकीत फक्त तारीख ठरवून उठू नये. भांडी कुणाची, पलंग कुणाचा, नव्या खोलीची अनामत कोण भरणार, सामानाच्या टेम्पोचं भाडं कोण देणार, शाळेतल्या लेकरांचं वर्ष मध्येच तुटणार का, हेही तिथंच बोलून घ्यावं. अनामतीचे पाच-दहा हजार यजमानानं घातले तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. दाव्याची पहिली तारीख गाठेपर्यंत त्याहून जास्त जातात.